गैरहजर खेळाडूचा डाव

गुरुवार, १ जून
पोहोचलो एकदाचे! एवढ्या सामानात फुटलं काय, तर एक आरसा, आणि टिंगीच्या मते तो आधीपासूनच तडकलेला होता. टिंगी म्हणजे माझी लेक. वय नऊ, जीभ चाळिशीची. जागा दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, भरपूर उजेड. खाली घरमालकीणबाई राहतात. आल्या आल्या त्यांनी टिंगीला जवळ घेतलं, तिच्या लांब वेणीचं कौतुक केलं आणि मला विसरल्या. उद्यापासून कवळ्या बनवण्याच्या कामावर रुजू. लोकांचे दात घडवायचे तेव्हा आपल्या तोंडी घास, असा आमचा धंदा. मी खूश आहे.

रविवार, ४ जून
कामावर प्लास्टरचे साचे काढणारा एक आहे, सगळे त्याला साचेवालाच म्हणतात. तो आज मला खेळायला घेऊन गेला. बंद छापखान्याच्या वरची खोली, दुपारी तीनची वेळ. टिंगीला मालकीणबाईंकडे ठेवलं होतं. अंतराळयानं आणि मंत्रतंत्र यांची खिचडी असलेला खेळ. कागदावर आपलं पात्र लिहायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट बोलत पुढे न्यायची. गोष्ट चालवणारे सूत्रधार म्हणजे एक निवृत्त मोजणीदार. त्यांनी आधी उभं राहून नियम वाचले. काय करणार ते सांगायचं, मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडला तो पडला, पुन्हा टाकायचा नाही. सूत्रधारांनी झालं म्हटलं की झालं. आणि कुणी गैरहजर असेल तर त्याचं पात्र बाकीच्यांनी चालवायचं, कारण गोष्ट कुणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, हे तर माझ्या सासरचेच नियम. कुणी हसलं नाही.

मी यानाची कप्तान झाले. कागदावर एक रकाना होता, 'जिवाचं माणूस'. मी टिंगीचं नाव, वय, वेणी, सगळं हौसेनं लिहिलं. शेजारी बसलेल्या औषधांच्या दुकानवाल्या बाईंनी डोकावून पाहिलं आणि हळूच सांगितलं की बाकीच्यांनी तिथे मनानं रचलेली माणसं लिहिली आहेत. पण माझं शाईनं लिहून झालं होतं.

रविवार, ११ जून
काय मजा आली! दोन ग्रह पार केले, एका लोखंडी मांत्रिकाला पाणी पाजलं. घरी येऊन टिंगीला सगळं साभिनय सांगितलं. तिच्या मते मी कप्तान कमी आणि भांडकुदळ जास्त आहे.

रविवार, १८ जून
टिंगीला ताप. खेळायला गेले नाही, साचेवाल्याला तसं कळवलं.
चारच्या सुमारास तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होते, एवढं आठवतं. त्यानंतर घड्याळात सव्वाचार. माझ्या हातात कात्री. वेणी जमिनीवर. टिंगी भिंतीला चिकटून रडत होती. म्हणाली, तूच कापलीस, आणि कापताना एक शब्द बोलली नाहीस.
मला काहीही आठवत नाही.

सोमवार, १९ जून
साचेवाला खुशीत होता. तुझ्या कप्तानला आम्ही छान सांभाळलं, म्हणाला. चंद्राच्या द्वारपालानं वाट सोडायला पोरीची वेणी मागितली, फासा चांगला पडला, कप्ताननं कापून दिली. मी विचारलं, किती वाजता. चारच्या सुमारास.
पिशवीतून वेणी काढून दाखवली. तो खाली बसला. शपथ घेऊन म्हणाला की डावातलं असं खरंच घडतं हे त्याला माहीत नव्हतं.
संध्याकाळी औषधांच्या दुकानात गेले. औषधवाल्या बाईंना माहीत होतं. म्हणूनच मी तेव्हा बोलले, म्हणाल्या. खेळ सोडते म्हटलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. सोडला तो कायमचा गैरहजर.

रविवार, २५ जून
गेले. टिंगीचं नाव खोडायचं आहे, असं स्पष्ट सांगितलं. सूत्रधार शांतपणे म्हणाले, सांगितलंस, आता फासा टाक.
दोन पडला.
नाव राहिलं. शिवाय प्रयत्न फसला म्हणून पुढच्या डावाला मी बाहेर, म्हणजे गैरहजर. मी पाया पडले त्यांच्या. ते म्हणाले, गोष्ट ते रचत नाहीत, ती येते तशी सांगतात.
शेवटी यानाला भोक पडलं. आत कप्तान आणि तिची पोर, उरलेली हवा दोघींपैकी एकीलाच पुरेल. तिथेच सूत्रधारांनी वही मिटली.

शनिवार, १ जुलै
साचेवाला उद्या डावात सांगणार आहे की कप्तान स्वतः यानाबाहेर जाते आणि पोरीला आत ठेवते. मी चालेल म्हटलं. खरंच चालेल. पण सांगणं एवढंच त्याच्या हातात आहे, फासा उलटा पडला तर बाहेर पोरच —


रविवार, २ जुलै
दुपारी दोन. छापखान्याला कुलूप. जागा बदलली असणार. साचेवाल्यासकट कुणी फोन उचलत नाही.

पावणेतीन. टिंगी खाली, मालकीणबाईंकडे. सुऱ्या, कात्र्याही तिकडेच दिल्या. मला बाहेरून कुलूप घाला म्हटलं, सहापर्यंत काही झालं तरी उघडू नका. त्या घाबरल्या. पण घातलं.

पावणेचार. खालून टिंगीचं हसू ऐकू येतंय. जीव भांड्यात पडला. नाही, पडला नाही.

चार. लिहीत राहायचं. हात वहीवर असला म्हणजे दुसरं काही करणार नाही. टिंगी टिंगी टिंगी टिं

चार दहा. पेन जमिनीवर होतं. हातात फोन. मालकीणबाईंना कॉल झालाय, चार मिनिटं. मी काय बोलले त्यांच्याशी? काय —

खिडकी सताड उघडी. मी बंद केली होती.

परत लावतेय — हात तिकडे जात नाहीत. लिहिता तेवढं येतंय.

जिन्यावर पावलं. हलकी. एकटीचीच. ओरडायचंय, आवाज फुटत नाही.

दाराबाहेरून टिंगी सांगतेय, मालकीणबाईंनी किल्ली दिली. फोनवर तूच म्हणालीस ना आई, एकटीलाच पाठवा —

कुलूप —

टिंगी आत येऊ नकोस ही मी नाही ही कप्