नागपूरनं न घेतलेलं पाणी

बाबा, काल पांढुर्ण्यात पाण्यावरून सभा झाली आणि जुनी मुख्याध्यापिका म्हणून मला पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसवलं होतं. सभा कसली, आठवडी बाजारच. विहिरींच्या पाण्यात नायट्रेट वाढलंय, तान्ह्या मुलांना ते बाधतं, असं पेपरात छापून आलं, तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. अधिकारी म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. एक जण उठून म्हणाला, "हे सारे पाण्याचे फिल्टर-मशीन विकायचे धंदे होत." संत्रावाले तर चिडूनच आले होते. "आमच्या खताले बदनाम करून राहिले तुम्ही!" मग तपासणीवाल्या मुलीनं काचेच्या नळीत एका विहिरीचं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर पूड टाकली, आणि नायट्रेट असलं की होतं तसं पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं. तेवढ्यात मागून एक पोरगी उठली. कडेवर चार-पाच महिन्यांचं लेकरू. म्हणाली, "ते गुलाबी-बिलाबी राहू द्या जी. माझं दूध आटलं. लेकराच्या दुधात कोणतं पाणी घालू, तेवढं सांगा." अधिकारी कागद चाळू लागले. तेव्हा सभा चालवणारा माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला." मी काय बोलले ते तुम्हाला सांगायचं म्हणूनच लिहायला बसले आहे. पण त्याआधी आपल्या विहिरीचं सांगावं लागेल, तुम्हाला ठाऊक असलेलं आणि नसलेलंही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी तुम्ही रस्त्याकडेच्या बगीच्यातली विहीर सगळ्या गावाला खुली केली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायका तोवर नाल्याच्या वाळूत झिरा खोदून, वाटीवाटीनं पाझरलेलं पाणी घागरीत भरायच्या. तुम्ही पहिली बादली स्वतः ओढलीत आणि त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या घागरीत ओतलीत. तिनं घागर दोन्ही हातांनी पुढं धरली होती, तरी अर्धं पाणी तिच्या पायावरच सांडलं. मोठेबाबांनी, तुमच्या सख्ख्या मोठ्या भावानं, भर रस्त्यात विचारलं, "विहीर बाटवली ना तू?" तुम्ही म्हणालात, "विहीर बाटत नाही, दादा. माणूस बाटते, अन् तेही मनातून." त्यांनी दोन वर्षं बोलणं टाकलं. पुढं गावविहिरीला खारं पाणी लागलं, तेव्हा त्यांच्याही घरची घागर निमूटपणे आपल्याच विहिरीवर येऊ लागली, ते सोडा. त्या दिवशी मला वाटलं, असा बाप अख्ख्या सौंसर तहसिलीत नसेल. आणि माझं चुकलं ते बहुधा तिथंच. बापाला एकदा देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्याशी खरं बोलणं अवघड होऊन बसतं.

पाणी होतंही गोड. विहिरीच्या आजूबाजूची संत्र्याची झाडं काळपट हिरवी, इतरांपेक्षा हातभर उंच. खताचा खड्डा विहिरीला लागूनच होता, म्हणजे पाटाच्या पाण्यानं खत सरळ झाडांपर्यंत जावं. उन्हाळ्यात तुम्ही बगीच्यात खतासाठी मेंढ्या बसवायचात, बहाराच्या आधी झाडांना पेंडीची ढेप घालायचात, आणि पुढंपुढं पांढऱ्या सरकारी खताची पोतीही तिथंच, विहिरीच्या ओट्याला टेकून ठेवलेली असत. ज्या पाण्यावर झाड असं पोसतं ते माणसाला वाईट असेल, हे कुणाच्या मनात येणार? तुमच्या नाही, माझ्याही नाही.

मग राज्यं नव्यानं आखली गेली त्या वर्षीची दिवाळी आली. मी नागपूरला मावशीकडे राहून मास्तरकीचं शिक्षण घेत होते आणि सुट्टीत घरी आले होते. नागपूर, आपली राजधानी, आता दुसऱ्या राज्यात जाणार आणि आपण राहणार भोपाळच्या पदरात, यावरून तुम्ही महिनाभर धुसफुसत होतात. त्यातच मोठेबाबांचा नातू गेला. सून बाळंतपणातच गेली होती, लेकरू वरच्या दुधावर होतं. दोन्ही घरांत पद्धत एकच. आई पितळी गंजात पाणी उकळत ठेवायची, आतली खूण बोटानं दाखवायची आणि म्हणायची, "अर्ध्यावर येऊ दे, मग लेकराले बाधत नाही." त्या आटवलेल्या पाण्यात दूध कालवायचं. ते पोर आधी ओठांनी निळं पडलं, मग नखांनी, आणि एका सकाळी उठलंच नाही. मोठेबाबा मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर रडले. "ह्याआधी कोणाचं लेकरू असं निळं नाही पडलं. विहीर खुली झाली, वाट्टेल त्याच्या घागरी बुडाल्या, अन् माझा नातू गेला." अर्ध्या माना हलल्या. दुःखात माणूस काहीही धरतो, त्यांनी ते धरलं. तुम्ही उठलात. "नागपूरले पाणी तपासून आणतो. कागदावर वाईट आलं तर ह्या हातानं विहीर बुजवतो, जा!" पाराच्या कडेला मोहल्ल्यातल्या बायका उभ्या होत्या. त्यांचे चेहरे मी पाहिले. तुम्ही रागात होतात, तुम्ही नाही पाहिले.

त्यातल्या एकीचं तुम्हाला आठवत असेल. बगीच्यात संत्री तोडायला यायची ती. नवरा-बायको दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि परतल्यावर तिला असा ताप भरला की अंगावरचं दूध आटलं. चार महिन्यांची मुलगी. आई रोज तिला पेलाभर दूध द्यायची आणि वर आटवलेलं पाणीही, मायेनं, झाकण घालून. एक दिवस ती मागच्या दारी मला म्हणाली, "ताई, अंगावर पेत होती तवर पोरगी चांगली होती. वरच्या दुधावर आली अन् ओठ काळे-निळे होऊन राहिले. मी तेच पाणी पेऊन राहिली, मले काहीच होत नाही. मंग काय असन हे?" पाराच्या सभेत शंभर माणसं बोलली, पण नेमका प्रश्न तिनं एकटीनं विचारला होता. मी तो घेऊन पांढुर्ण्याच्या दवाखान्यात गेले. तिथले तरुण डॉक्टर ऐकता ऐकता उठून उभेच राहिले. म्हणाले, "असंच मी एका विलायती मासिकात वाचलंय. विहीर बाटली वगैरे काही नाही. खत झिरपतंय पाण्यात. मोठ्यांना त्रास नाही, आईच्या दुधावरच्या मुलांनाही नाही. वरच्या दुधात ते पाणी घातलं की बाळाचं रक्त बिघडतं, आणि उकळून आटवलं की दोष दुप्पट होतो. पण माझी खात्री नाही, नागपूरहून तपासून घ्या. कागद आला की मी स्वतः येऊन गावाला समजावतो. विहीर बुजवायची काही गरज नाही, तान्ह्यांचं पाणी तेवढं दुसरीकडून आणा." आणि त्यांनी मला काचेच्या बुचाची स्वच्छ बाटली दिली.

एवढं सोपं होतं, बाबा. तान्ह्यांपुरती एक घागर दुसरीकडून आणायची. घरी येऊन मी आईला म्हटलं, आटवू नकोस. ती हसली. "पाणी उकळून कुठं वाईट होते का? शिकून शिकून काहीही बोलतं!" मी गप्प बसले, कारण मलाही पटलं नव्हतं. तुम्हाला म्हटलं, डॉक्टरांनी बाटली दिली आहे, तपासायला नेते. बाकीचं पोटात ठेवलं. आणि तिला, जिनं विचारलं होतं तिला, म्हटलं, "कागद येऊ दे, मग सांगते." ती जर दुसरीकडून पाणी आणू लागली असती तर भाऊंच्याच, म्हणजे तुमच्याच, पोरीनं विहिरीला नावं ठेवली असं गावभर झालं असतं. मोठेबाबांना आयतंच मिळालं असतं. मला तुमचं नाक प्यारं होतं. लेकराचे ओठ मी तिच्या पदराआड दिसत होते तेवढेच पाहिले.

बाटलीवर तुम्ही वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलीत, 'सर्वांसाठी खुली विहीर'. तिगावहून पॅसेंजरनं मी निघाले. बाटली मांडीवर. पदराखाली ती गार लागते आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही फावडं घेऊन विहिरीत माती लोटता आहात, आणि त्या बायका परत नाल्याकडे चालल्या आहेत. पूर्ण वाटभर मला हेच दिसतंय. कागदावर 'वाईट' एवढंच येईल, का वाईट ते कोण वाचणार? डॉक्टर समजावतील, पण पारावर डॉक्टरांचं कोण ऐकणार? नागपूरच्या त्या कचेरीत पोहोचले तर तिथं कागदांचे गठ्ठे बांधणं चाललेलं, कुणाचा कोण आणि कुठं जाणार याचा पत्ता नाही. तरी खिडकीतल्या वयस्कर कारकुनानं माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "द्या इकडं, बाई. आठ दिवसांत कागद येतो." मी म्हटलं, "आम्ही छिंदवाड्याकडचे. चालेल?" ते हसले. "राज्य बदललं म्हणून पाणी बदलते काय? द्या."

त्यांचा हात तसाच पुढे होता. मी म्हटलं, "माफ करा, मी चुकून इकडं आले." बाहेर अंगणात लिंबाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी मी बाटली उपडी केली.

परतीच्या गाडीत खोटं जुळवायला फार त्रास पडला नाही. डब्यात जो तो तेच सांगत होता, कुणाची फाईल भोपाळला गेली, कुणाला या दारातून त्या दारात पाठवलं. त्यात माझंही खपून गेलं. घरी येऊन म्हटलं, "नाही घेतलं. म्हणाले, तुम्ही आता दुसऱ्या राज्यातले, भोपाळला जा. मी रागानं तिथंच ओतून दिलं." तुम्ही खाटेवर बसलात. रागाच्या आधी तुमच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं, की मलाच ते दिसायला हवं होतं, कोण जाणे. संध्याकाळी तुम्ही पारावर गरजलात, "नागपूरनं आपलं पाणी घेतलं नाही! कालपरवापर्यंत आपली राजधानी, अन् आज बाटलीभर पाणी जड झालं!" लोक खवळले. मोठेबाबासुद्धा नातवाचं दुःख विसरून दोन्ही राजधान्यांना शिव्या देऊ लागले. विहीर राहिली. मी जिंकले, असं वाटून त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सुट्टी संपली, मी मावशीकडे परतले, आणि थंडीत तुमचं कार्ड आलं. त्या बाईची मुलगी गेली. तुम्ही लिहिलं होतं की तुम्ही तिच्या दारात गेलात, म्हणालात, विहीर बंदच करून टाकतो आता. तर ती म्हणाली, "नका करू, भाऊ. माझी गेली ते गेली. बाकीच्यांच्या वाट्याले पुन्हा झिरा नका आणू." खाली तुम्ही लिहिलं होतं, 'बेटा, ह्या बाईपुढं आपण कोणीच नाही.' ते कार्ड मी न्हाणीघरात जाऊन वाचलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. मी तिच्याकडे कधी गेले नाही. गावी आले की बगीच्याची वाट टाळायची. डॉक्टरही नव्या वाटणीत तिकडच्या राज्यात गेले, म्हणजे समजावणारंही कुणी उरलं नाही. पुढची कितीतरी वर्षं आपल्या गावात अधूनमधून एखादं लेकरू निळं पडत राहिलं आणि लोक कधी दृष्ट म्हणाले, कधी नशीब.

आणि तुम्ही ती गोष्ट सांगत राहिलात. पाहुणे आले की, लग्नात पंगतीला बसलं की, निवडणूक आली की. "नागपूरनं आमचं पाणी घेतलं नाही." मी पोळ्या वाढत असायचे. माझ्याकडे हात करून म्हणायचात, "हिला विचारा, ही गेली होती." आणि मी मान हलवायचे. अखेरच्या आजारात नर्सला पाणी पाजताना थांबवून तुम्ही तेच सांगितलंत, आणि मी उशाशी बसून तेव्हाही मान हलवली. मला लाज वाटत होती, बाबा. फार लाज वाटत होती. पण तुमची एवढी लाडकी गोष्ट शेवटच्या आठवड्यात काढून घ्यायची कशी?

ती बाटली अजून आहे. चिठ्ठीवरची शाई उडाली, 'सर्वांसाठी' एवढं तिरकं धरलं तर वाचता येतं. हे कागद घडी घालून तिच्याखाली ठेवीन. मी गेल्यावर सून कपाट आवरेल तेव्हा काय करायचं ते करील.

तर काल माइक माझ्या हातात आला. ती पोरगी लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेत माझ्याकडे बघत उभी होती, आणि तिला हवं ते उत्तर गेली साठ-पासष्ट वर्षं माझ्यापाशी तयार होतं. विहिरीचं देऊ नको, आटवून तर मुळीच नको, तान्ह्यापुरतं तपासलेलं पाणी दुसरीकडून आण. एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचं कुणी विचारलं असतं, मॅडम, हे तुम्हाला कधीपासून माहीत? मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "माझ्या वडिलांनी तेव्हाच पाणी तपासायला पाठवलं होतं. नागपूरनं आमचं पाणी घेतलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबा. त्या पोरीनंही, लेकरू सावरत, एका हातानं मांडीवर वाजवली.