झाडाला राहिलेली गाठ

ताई,

आमचा हिरवा तंबू गेल्या वर्षीही याच द्राक्षमळ्यात लागला होता, हे आज मळ्याच्या मालकाने सांगितलं. त्यावरचं लाल ठिगळ त्याने ओळखलं. "साहेब होते, बाई होत्या. दोरी बाईंनी बांधली. निघताना बाई गाडीत जाऊन बसल्या आणि साहेबांना गाठ काही सुटेना. म्हणाले, राहू दे," असं सांगून तो हसला.

नवरा मला म्हणाला होता, एकटाच जातोय.

दोरी अजून झाडालाच होती. ती गाठ बाबांनी फक्त आपल्या दोघींना शिकवली होती. नवऱ्याला मी कितीदा दाखवली, त्याला कधी जमली नाही.

"एकटीच फिरून ये, मोकळं वाटेल," असं तूच म्हणालीस. मुक्कामाच्या जागा त्याने सुचवल्या, ही तेवढी वगळून. गाडी तापली म्हणून मी इथे थांबले.

हे पत्र टाकणार नाही, त्याआधी मीच पोचेन. गाठ तशीच ठेवून दोरी कापून घेतली आहे. उद्या घाट चढून तुझ्या दारात उभी राहीन. तू विचारशील, "एकटीच आलीस ना गं?" मी दोरी तुझ्या हातात देईन आणि म्हणेन, "सोड."

तुझी,
धाकटी