बकरीकडची बाजू

रायपूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय भैय्यालाल,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सर्व ठीक आहो. माझे गुडघे दुखतात, पण ते आता घरचेच झाले. तू बीपीची गोळी घेत जाय, गोंदियात तुले आठवण द्याले कोणी नाही.

फोन असून थोरली बाई चिठ्ठी काहून लिहून राहिली, म्हणशील. दोनदा फोन लावला रे. तू "बोल बाई" म्हटलं अन् मी मटराचा भाव सांगत बसली.

पहिले तुझ्या नातवाची खबर. स्वानंदचं डोकं मांगून चपटं झालं ना, ते गोल व्हाले डॉक्टरबाईनं दिलेलं हेल्मेट लागून पंधरा दिवस झाले. निळं आहे, तुझ्या सुनेनं त्यावर चांदण्या चिकटवल्या. चेतना मोठी हौशी पोरगी. तेवीस तास घालून ठेवाचं अन् आंघोळीच्या वेळी एक तास काढाचं, असं चार-पाच महिने. शेजारचे म्हणे, "बहू, अभी से स्कूटर चलाएगा क्या?" आम्ही हासलो, पोट्टंही हासलं. त्याले काहीच त्रास नाही, आपल्यालेच पाहून कसंतरी होते.

तुझा यशदीप रोज विचारते, "बुआ, पापा आ क्यों नहीं रहे?" काय सांगू त्याले? पोट्ट्याच्या बारशाले आला होतास, तेव्हा त्याच्या डोक्यामांगं हात फिरवलास, मंग आपली टोपी खाली ओढलीस अन् संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास. परवा फोनवर तू चेतनाले म्हटलंस, "माझ्यासारखं चपटं डोकं आलं त्याले. मी आलो तं लोकं दोघांची डोकी ताडून पाहतील." लय रडली ती.

तुझं डोकं नाही आलं त्याले, भैय्यालाल. मी सोबत गेली होती, डॉक्टरबाईले सरळ विचारलं, आजाचं डोकं नातवाले येते काय? ती म्हणे, नहीं माताजी, याची मान एका अंगानं आखडली आहे, म्हणून हा एकाच अंगाले निजते. मंग तिनं विचारलं, घर में और किसी का ऐसा है? मी स्वानंदचं झबलं नीट करत बसली.

आता ऐक.

इथं रायपुरातली, भनपुरीची आपली खोली आठवते तुले? नाही आठवणार, तू चार महिन्यांचा होतास. मी नऊ वर्षांची. बाबा रेल्वेत, अन् माय राईस मिलमध्ये. सगळ्या पाऱ्यात, मोहल्लाभर, उकडल्या धानाचा वास राहे. आजही कुठं तो वास आला तं मले मायचं लुगडंच आठवते. येतानी पदरात मुर्ऱ्याचा लाडू आणे, अर्धा मले, अर्धा बाबांले. स्वतः कधी खाल्ला नाही.

डोकं गोल राहावं म्हणून तिनं तुझ्यासाठी राईची उशी शिवली होती. कामावर जातानी रोज एकच सांगे, "अंजू, त्याची मान पलटवत जाजो वं. घडीभर इकडं, घडीभर तिकडं." मी म्हणो, हव.

पण भिंतीकडं तोंड केलं की तू टाहो फोडत होतास. दाराकडं केलं की चुप! दारासमोर शेजारच्या भैरीनबाईची पांढरी बकरी बांधलेली राहे, तिले पाहून तू हातपाय नाचवत होतास. अन् बाहेर पोट्ट्या ठिकरी फेकून, लंगडी घालत बिल्लस खेळत. मी तुले दाराकडं तोंड करून निजवो अन् खेळाले पळो. रोज. चार-पाच महिने. माय यायच्या आधी एकदा मान पलटवून ठेवो, तिले वाटावं आपलं ऐकते पोट्टी.

डोकं एका बाजूनं बसलं तेव्हा बाबा मायवर ओरडले, "पैशापायी पोरगं सोडून जातेस!" मायनं मिल सोडली. संध्याकाळी तुले मांडीवर घेऊन कोमट तेल लावे अन् रडे, "माझ्याच हातानं वाया गेलं डोस्कं." मी तिथंच बसून लसूण सोलत होती. बोलली नाही. शाळेत तुले पोट्टे चपटा म्हणत, तेव्हाही नाही. लग्नात तू फेटा उतरवला नाहीस, तेव्हाही नाही. माय गेली तरी तोच बोल घेऊन गेली. तिले सांगाचं राहून गेलं, हेच मले खाते.

साठ वर्षं तू मले सगळ्यात मोठं मानलंस. पहिल्या पगाराचं लुगडं मायच्या आधी मले आणलं, ते मी घातलंच नाही कधी. तुले वाटलं रंग आवडला नसन. रंग लय चांगला होता रे.

आता तुले राग येईल तं येऊ दे. माझ्याशी नाही बोललास तरी चालन, मी आपल्या खोलीत बसीन. पण त्या लेकराले त्याच्या आजापासून तोडू नको, अन् चेतनाले सांग, "माझ्या रक्तात काही खोट नाही." खोट माझी होती, अन् तीही बिल्लसपायी.

सकाळी दहा ते अकरा स्वानंदचं डोकं मोकळं राहते. गोंदियाची पहाटेची गाडी धरलीस तं बरोबर पोचतोस. टोपी घरी ठेवून ये. त्याले तेल तू लाव. मले तुझ्या डोक्याले एकदा लावू दे, मायनं लावलं तसं. आजवर हात लावाची माझी हिंमत झाली नाही.

तुले दाराकडं तोंड करून निजवणारी,
तुझी बाई
अंजना