कूस बदलताना

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं कार्ड काल वॉर्डात मिळालं. कागदांचा गठ्ठा उचलताना कमरेत उसण भरली आणि चार दिवस तू खुर्चीत बसून झोपतो आहेस, ही बातमी तू अशी लिहिलीस की आमच्या सगळ्या नर्सेस पोट धरून हसल्या. मीही हसले. मग डबा खाताना परत वाचलं आणि डबा तसाच बंद करून ठेवला. अरे शहाण्या, खुर्चीत कोणी झोपतं का? सख्खी बहीण अठरा वर्षं हाडांच्या वॉर्डात लोकांना दुखत असताना कसं निजावं ते शिकवते, शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला उशीबाई म्हणतात, आणि तिचा भाऊ खुर्चीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता नीट वाच. पाठीवर निजलास तर गुडघ्यांखाली जाड उशी घे, म्हणजे गुडघे जरा वाकलेले राहतात आणि कमरेवरचा ताण उतरतो. कुशीवर निजलास तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि गुडघे पोटाकडे थोडे ओढून. पालथं निजायचं नाही. लहानपणापासून तुझी ती खोड आहे, ठाऊक आहे मला. कूस बदलताना खांदा, कंबर, गुडघा तिन्ही एकदम वळवायचं, ओंडका लोळवतात तसं. आधी खांदा आणि मागून कंबर असं केलंस तर कळ थेट डोक्यात जाईल. उठताना आधी कुशीवर ये, पाय खाली सोड आणि हाताच्या रेट्यानं बस. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं, जास्त नाही. गोळी कळ उठल्यावर घ्यायची नाही, वेळेवर घ्यायची, आणि पोटात काही टाकून. दिवसभर लोळत पडू नकोस, तासाभरानं उठून खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मार.

शेवटचं वेगळ्या पानावर लिहिते आहे, म्हणजे नजरेतून सुटणार नाही. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, यातलं एक जरी झालं तरी उशाबिशा राहू दे बाजूला आणि हॉस्पिटल गाठ. त्याच दिवशी. हे पान वहिनीला वाचायला दे.

तुमची शाळेच्या पुस्तकांच्या बाइंडिंगची ऑर्डर चार दिवस थांबली म्हणून कोणाचं शिक्षण अडत नाही. माझा जीव तुझ्यापाशी आहे, एवढं लक्षात ठेवून नीज.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं आमच्या घरात राज्यक्रांती झाली. घरात उशा तीन. एक माझ्या डोक्याखाली, एक गुडघ्यांखाली, एक राखीव. तुझी वहिनी घडी घातलेल्या शालीवर निजते आणि मला संस्थानिक म्हणते. कूस बदलायची झाली की ती पलंगाच्या कडेला उभी राहून खांदा, कंबर, गुडघा असा पुकारा करते. पहिल्या दिवशी मी तिन्ही वेगवेगळे वळवले आणि शेजारच्या छापखान्यातले कंपॉझिटर काका काय झालं म्हणून धावत आले. आता जमतं. परवा सलग चार तास झोपलो. बाई, तुझ्या हाताला नाही तर तुझ्या अक्षराला गुण आहे.

दुकान बंद नाही. ही उभी राहून पुस्तकांच्या छापील पानांचे फर्मे शिवते, मी उभ्यानंच पुठ्ठ्यांना खळ लावतो. शाळांची पुस्तकं महिनाअखेर जायची आहेत. तू काळजी करशील म्हणून आधीच सांगतो, जड काही उचलत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. काल कोपऱ्यावरच्या दुकानात दोरा आणायला गेलो. परत येताना मागून एक बाई हाका मारत आली, तिच्या हातात माझी डावी चप्पल. दहा-पंधरा पावलं मी एका पायात चप्पल घालून राजरोस चाललो होतो आणि मला पत्ता नाही. घरी आल्यावर हिला म्हटलं, माझ्या पायांनासुद्धा आता माझा कंटाळा आला, एकेक वस्तू टाकून चाललेत.

तुझ्या वेगळ्या पानावरचं तसलं काही नाही. आईच्या आजारपणात तुझी होती नव्हती ती सगळी रजा संपली, तेव्हा धावत यायचं मनात आणू नकोस. आशीर्वाद पोस्टानं पाठव, तिकीट कमी लागतं.

तुझा बारक्या


१४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या चपलेच्या गोष्टीनं वॉर्डाचा दिवस चांगला गेला. सहा नंबरच्या खाटेवर एक गवंडी आहे, आठ दिवसांत त्याच्या तोंडाची घडी मोडली नव्हती, तोसुद्धा हसला. त्या चपला टाक आता. तीन वर्षं तोच जोड घासतो आहेस, पट्टा सैल झाला की पडणारच.

चार तास झोपलास हे वाचून मला फार बरं वाटलं. आता कुशीवर निजताना कमरेच्या खळगीत टॉवेलची एक घडी सरकवून बघ. इथे मी नव्या मुलींना सांगते की रडणाऱ्या पेशंटकडे दोनदा बघा, हसणारा पेशंट घरी पाठवायच्या लायकीचा झाला म्हणून समजा. तू हसतो आहेस, म्हणजे माझा निम्मा घोर गेला.

आई तुमच्याकडे अंथरुणावर होती तेव्हा आपली येणारी-जाणारी पत्रं तिला मोठ्यानं वाचून दाखवायची असायची, म्हणून आपण दोघं वाईट बातमीला टोपी-झबलं घालून पाठवायचो. आठवतं? माझ्या हाताचं हाड मोडलं तेव्हा मी लिहिलं होतं की आता मला भांडी घासण्यातून सुट्टी मिळाली. आई किती हसली होती म्हणे. आता दोन वर्षं झाली तिला जाऊन, पण आपली ती सवय काही जात नाही. असू दे. तेवढंच घर हसतं राहतं.

वहिनीला म्हणावं, संस्थानिकाचे फार लाड करू नकोस. तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे आहेत.

ताई


१७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही, नेहमी यांच्याच पत्रात खाली दोन ओळी. आज यांना न सांगता लिहिते आहे. चुकलं तर रागवा, पण आधी पुरतं वाचा.

आज सकाळी रद्दीच्या पुठ्ठ्यांत मला तुमच्या पहिल्या पत्राचं शेवटचं पान सापडलं. यांनी ते मला दाखवलंच नव्हतं. बाकीचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, उशा, पिशवी, गोळ्या, सगळं. तेवढं एक पान नाही. त्यातलं सगळं झालं आहे, वन्सं. डावं पाऊल उचलत नाही, फरशीवर घासत जातं. चप्पल पडली तो पहिला दिवस होता. आम्ही दोघंही हसलो होतो. दोन दिवसांपासून उजवा पायही जड झाला आहे. कालपासून लघवीला जाऊन खूप वेळ उभे राहतात आणि तसेच परत येतात. खुर्चीवर बसलं की गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाले, खुर्ची लाकडाची आहे.

तुमचं पान समोर धरून विचारलं तेव्हा आधी थट्टा केली. मग म्हणाले की ताईच्या उशांनी झोप लागते ना, म्हणजे आतून बरं होतं आहे, उगाच कशाला तिचा जीव टांगणीला लावायचा. शाळांचे गठ्ठे गेले की जाऊ. मला त्यांचा इतका राग आला की मी खळीचं भांडं आपटलं. दुखणं अंगावर काढायलाही काही हद्द असते. आणि राग माझाही आला. मी रोज ओंडका, ओंडका करत त्यांना वळवत होते आणि पाय वळवताना जड लागतात हे माझ्या हातांना कळत होतं.

तुमच्या उत्तराची वाट बघत नाही. कंपॉझिटर काकांची कागद वाहायची हातगाडी मागितली आहे. खाली गादी, गुडघ्यांखाली उशी, आणि ते हो म्हणोत की नाही, तासाभरात त्यांना हॉस्पिटलात नेते. हे पत्र जाता जाता पेटीत टाकीन. तुम्ही येऊ शकलात तर या.

तुमची वहिनी


१२ मार्च

चि. बारक्यास आणि चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

काल सुखरूप पोचले आणि आज कामावर हजर झाले. बिनपगारी रजेवर अठरा दिवस तुमच्याकडे राहिले, तरी जे बोलायचं ते बोललेच नाही, म्हणून आता लिहिते.

बारक्या, तुमच्याकडच्या सर्जननी ऑपरेशननंतर मला बाजूला घेऊन सांगितलं ते तुला मी अर्धंच सांगितलं होतं. मणक्यातली चकती सरकून शिरांवर बसली होती. पाय घासायला लागला त्या आठवड्यात आला असतास तर बहुतेक चालत घरी गेला असतास, असं ते म्हणाले. आता गुडघ्यांखाली किती परत येईल ते सहा महिन्यांनी कळेल आणि मी फार आशा धरू नये. तू तेव्हा डोळे मिटून पडला होतास. तू ऐकलंस की नाही ते मी विचारलं नाही.

तू पान लपवलंस म्हणून मी तुझ्यावर रागावले होते, निघेपर्यंत रागावलेली होते. पण गाडीत बसल्यावर तुझं ते पत्र काढून वाचलं. चप्पल. तू लिहिलं होतंस रे. तुझ्या पद्धतीनं का होईना, लिहिलं होतंस. पायातून चप्पल पडली आणि कळलं नाही, असं एखाद्या परक्या पेशंटनं मला सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे टाचणी घेऊन त्याचं पाऊल तपासलं असतं. तुझं पत्र मी नर्सेसना वाचून दाखवलं आणि तुला नवीन जोड घ्यायला सांगितला. माझ्या उशांनी तुला झोप लागली आणि त्या झोपेत तुझे पाय गेले. हे मला कोणी म्हटलेलं नाही. मीच म्हणते आहे.

मुलींना शिकवलेलं ते हसणाऱ्या पेशंटचं मी मागे घेतलं. का, ते सांगितलं नाही. आता नवा पेशंट आला की आधी त्याच्या चपला बघते. सहा नंबरच्या खाटेवर आता दुसरा माणूस आहे.

वहिनी, तुला दाखवलं तसंच चालू दे. दर दोन तासांनी कूस, दिवसा आणि रात्रीही, गजर लावून. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघायच्या. लाल डाग दाबून गेला नाही तर लगेच डॉक्टरना बोलवायचं. लघवीच्या नळीची पिशवी कायम कमरेच्या खाली. तुझे हात आमच्या नर्सेसपेक्षा तयार आहेत, म्हणून मी निर्धास्त निघाले.

माझी आठवण काढताना शिव्या दिल्यात तरी चालेल, पण पत्र टाका.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुशीवर पडून लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर मला बोल. सर्जन तुझ्याशी बोलले ते मी तेव्हाच ऐकलं होतं. त्याचा आता विचार करू नकोस. पान मी लपवलं. तू हसलीस कारण मी हसवलं. हिशेब बरोबर आहे, तुझ्याकडे बाकी काही निघत नाही.

पायांचं सांगतो. डाव्यात काही नाही. उजव्याचा अंगठा परवा हलला असं मला वाटलं, हिनं बघितला तेव्हा हलला नाही. टाचा चांगल्या आहेत, डाग नाही. दर दोन तासांनी कूस होते, एकही चुकलेली नाही.

खरं पत्र इथून पुढे आहे. तुला आम्ही पाठवलेल्या प्रत्येक पत्रात आणि तुझ्या प्रत्येक पत्रात मी कसा निजतो हेच आहे. ही कशी निजते ते तू विचारलं नाहीस आणि मीही बघितलं नाही. ती निजतच नाही. तू गेल्यापासून तीन आठवडे ती माझ्या उशाशी स्टुलावर बसून असते, गजर झाला की उठते, मला वळवते, परत बसते. दिवसा दुकानात फर्मे शिवते, कारण शाळांचे अजून दोनशे गठ्ठे बाकी आहेत. मी पासष्ट किलो आहे, ताई. ती केवढीशी आहे ते तुला ठाऊक आहे.

मंगळवारी मला वळवताना ती मध्येच थांबली आणि हळूच जमिनीवर बसली. मला वरून फक्त तिचे केस दिसत होते. तिथूनच म्हणाली की संस्थानिकांचं वजन राज्य गेलं तरी उतरत नाही. मग पलंगाला धरून उठली आणि राहिलेली कूस पुरी केली. त्यानंतर ती वाकत नाही, गुडघे मोडून खाली बसते. आज सकाळी तिच्या हातातून वाटी पडली नाही, काही पडलं नाही, मी उगाच लिहीत नाही. फक्त पलंगापासून दारापर्यंत जाताना तिनं दोनदा भिंत धरली आणि दाराशी पोचल्यावर उजव्या पायाच्या पोटरीवर मूठ आपटून बघितली. दोनदा. मी बघतो आहे हे तिला कळलं तेव्हा म्हणाली की पायाला मुंग्या आल्या आहेत, जरा झोपला आहे, घरात कोणीतरी झोपलेलं बरं.

मी हसलो नाही. मी तिला डॉक्टरकडे जा म्हटलं. ती म्हणाली की ती गेली तर दोन तासांनी मला कोण वळवणार. तुला काही लिहू नये म्हणून तिनं मला शपथ घातली आहे. पत्रं तीच पेटीत टाकते, म्हणून हे कंपॉझिटर काकांच्या हातात देतो आहे.

फेब्रुवारीत तिनं मला हातगाडीवर घालून नेलं होतं. मी नको नको म्हणत होतो तरी नेलं. मला तिला नेता येत नाही. तू ये. रजा नसेल तर नोकरी सोडून ये, पण आजच नीघ.

बारक्या