पहिलं नाव

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले आणि मी उत्तराला आत्ता बसतेय, तेव्हा रागावू नकोस. तुमच्या ठरावाचा कागद मी तीनदा वाचला. कंपनीने समुद्रात तेलाच्या नव्या विहिरी खणू नयेत, एवढंच सांगायला चार पानं! लहानपणी पाणी हवं असलं तरी तू आधी उन्हाची गोष्ट सांगायचीस. पण पाच शेअर घेऊन कंपनीची मालकीण झालेली माझी लेक बघून हसूही येतं आणि ऊरही भरून येतो.

इथे सगळं ठीक आहे. तुझे बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पहाटे पाचलाच उठतात आणि मग काय करावं ते न सुचून शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करतात. ज्यांचे नळ चांगले होते त्यांचेही आता गळायला लागलेत. कुणी तोंडावर बोलत नाही, पण परवा समोरच्या वहिनींनी यांना जिन्यात बघितलं आणि दार लावून घेतलं.

कंपनीच्या गेल्या वर्षीच्या सभेचा विषय या घरात निघत नाही. तू हात वर करून उभी राहिलीस, तेव्हा हे दुसऱ्या रांगेत होते, जुन्या सोबत्यांबरोबर, छातीवर तीस वर्षांच्या नोकरीचा बिल्ला लावून. नव्या विहिरींवरचा तुझा प्रश्न संपायच्या आत उठून बाहेर गेले. ते दाराबाहेर जाईपर्यंत तू बघत होतीस, तेही मी पाहिलं. तेव्हापासून तुम्हा बापलेकींचा अबोला आणि निरोप्याचं काम माझ्याकडे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, आणि विहीर तीही तेलाची! खरं सांगू, मला त्यांचा राग समजत होता. या नोकरीने आपल्याला घर दिलं, तुझं शिक्षण केलं. पोरीने भर सभेत खाल्ल्या घरचे वासे मोजले, असं त्यांना वाटलं. मला तसं वाटलं नाही, पण मी तेव्हा बोलले नाही. ते माझं चुकलंच.

तू लिहिलंस की यंदा शंभरात पाच मतंही पडली नाहीत तर तीन वर्षं ठराव पुन्हा आणता येणार नाही, आणि तोवर विहिरी खणून होतील. आई, निदान तुझं मत दे, म्हणालीस. अगं, देऊ कुठून? नोकरीत मिळालेले आमचे अकराशे शेअर दोघांच्या नावावर आहेत, आणि मत फक्त पहिल्या नावाचं धरतात. पहिलं नाव अर्थातच यांचं. तेव्हा कारकुनाने विचारलंसुद्धा नव्हतं, आणि मलाही काही वाटलं नव्हतं. हे तुला कसं कळवायचं या विचारात उत्तर राहिलं.

मागच्या आठवड्यात यांचे जुने फोरमन आले होते. चहावर जुन्या आठवणी निघाल्या. तेलविहिरीवर त्यांची एक रीत होती. काही बिनसल्याचा संशय आला तर अगदी नव्या मजुरानेही हात वर करायचा, की काम बंद. आधी थांबायचं, मग विचारायचं, आणि त्याच्यावर कुणी चिडायचं नाही. नव्या माणसांना हे शिकवायचे तुझे बाबाच. एकदा तीन दिवसांपूर्वी लागलेल्या मजुराने काम थांबवलं आणि बिघाड काहीच निघाला नाही, तरी यांनी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले होते. फोरमन हे हसत हसत सांगत होते. हे मात्र हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि म्हणाले, मग त्या दिवशी मी का उठून गेलो रे? फोरमनना काही कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी नळाचा वायसर आणतो म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, ते दुपारी आले. वायसर नव्हताच. काल टपालाने कागद आला. शेअरवर आता माझं नाव पहिलं आहे! विचारलं तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, कंपनीविरुद्ध सही करायला माझा हात धजत नाही, तुझा मोकळा असू दे. मी तिथल्या तिथे तुझ्या ठरावाच्या बाजूने सही केली. मतपत्रिका सोबत आहे, सभेत देईपर्यंत जपून ठेव.

पण नुसती ती पाठवायला एवढं लांबलचक लिहिलं नसतं. सकाळपासून हे समोर बसलेत आणि लिहिलंस का, लिहिलंस का म्हणून माझा जीव खाताहेत. स्वतः लिही म्हटलं तर शब्द सुचत नाहीत म्हणतात. तेव्हा त्यांचाच निरोप त्यांच्याच शब्दांत देते: मी सभेला येतोय. तू बोलायला उभी राहशील, तेव्हा मी बसून राहीन.

तुझीच,
आई