आईचा उजवा डोळा

बारामती, मंगळवार, १८ जानेवारी १९९४

तीर्थस्वरूप गेणूदादा,

धाकट्या बिरूचा पायांवर माथा. आई खुशाल आहे, भाकरी खातेय. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन आज झालं नाही. मीच थांबवलं. रागावण्याआधी सगळं वाचा.

गेल्या साली डावा डोळा केला तेच डॉक्टर आहेत. तेव्हा आईशी किती हसून बोलले होते! आज खेकसले. जोडीचे डॉक्टर सोडून गेल्यापासून सगळे पेशंट यांच्या एकट्याच्या अंगावर. जागरणानं त्यांचे डोळे लालभडक, आणि आईला दोनदा विचारलं, "कुठला डोळा?"

मी म्हणालो, "साहेब, आज नको. उद्या करा."

"तुम्ही मला शिकवणार?"

"छे. मी पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, कुणी न शिकवता शिकलोय. मोटार तापली की मालक कितीही ओरडू दे, मी बटण दाबू देत नाही."

ते आणखीच चिडले. तेवढ्यात आई म्हणाली, "लेकरा, मागल्या बारीला तूच माझा हात धरला हुतास. आज जरा नीज जा. माझा डोळा काय पळून चाललाय व्हय?"

डॉक्टर तिच्याच खाटेवर टेकले. नर्सला म्हणाले, "आजची ऑपरेशनं उद्यावर घ्या." बाकी पेशंटांची माणसं तेव्हापासून माझ्याकडं खाऊ का गिळू बघतायत.

वहिनींचा खोकला कसा आहे?

हे कार्ड निरवांगीला पोचेल तोवर ऑपरेशन झालेलं असेल. तुम्हाला मला बोल लावायचाच असेल तर इथं येऊन लावा. तुमचा रागावलेला चेहरा आईला दोन्ही डोळ्यांनी दिसावा, एवढंच मागणं.

तुमचा,
बिरू