साहेबांनी विचारलेलं नातं

दादा,

छावणीतलं प्रत्येक पत्र कारकून उघडून वाचतो, म्हणून हे मी पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

आपल्या वस्तीतल्या माणसाला पलटणीत झाडू मिळतो, बंदूक नाही. तू आडनाव बदलून बंदूक मिळवलीस. मी बाबांचंच आडनाव सांगितलं आणि सहा वर्षं तुमच्या तुकडीचे संडास धुतोय. समोरून जाताना तू मान फिरवतोस, त्याचीही सवय झाली. पण परवा तुझ्या छातीवर शौर्यपदक लागलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. गोळीबारातून तू तिघांना ओढून आणलंस, हे खरंच. त्यांना स्ट्रेचरवरून दवाखान्यात मी पोचवलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी मैदानामागे बादल्या विसळत होतो.

काल मोठ्या साहेबांनी बोलावलं. तू खरं आडनाव लपवलंस, अशी तुझ्याविरुद्ध निनावी तक्रार आली होती.

"हा तुझा सख्खा भाऊ आहे का? खरं सांग."

'हो' अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही, साहेब. माझा कुणी नाही तो."

हे मायेपोटी केलं असं समजू नकोस. 'हो' म्हटलं असतं तर पदक काढून तुला माझ्या शेजारी उभं केलं असतं, आणि सगळी छावणी हळहळली असती, "एवढा मर्द गडी, आणि संडास धुतोय!" माझ्यासाठी आजवर कुणी चुकचुकलंसुद्धा नाही. ती हळहळही तुझ्याच वाट्याला गेलेली मला बघवली नसती.

साहेबांच्या कागदावर तुझा कुणीही नसलेला,
धाकटा